प्रत्येक पानाखाली तीच बेरीज: वेबवरचा तक्ता पीडीएफमध्ये मोडला तेव्हा

"ताई, ही बेरीज या पानाची का अख्ख्या यादीची?"

अण्णांनी थकबाकीदारांच्या यादीचं सातवं पान माझ्यापुढे धरलं होतं आणि तळाच्या ठळक आकड्यावर बोट ठेवलं होतं. यादी २७ पानांची. सत्तावीसही पानांच्या तळाशी तोच आकडा छापलेला. तो पूर्ण यादीचा होता. पण ज्या माणसाने तीस वर्षं हाताने किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार वही) लिहिली, त्याला पानाच्या तळाशी आकडा दिसला की तो त्या पानाचाच वाटणार. वहीचा रिवाजच तसा आहे: पानाखाली पानाची बेरीज, आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून तीच रक्कम ओढून घ्यायची.

तोवर चार दिवस मी या यादीकडे रंग आणि रेघांचा बिघाड म्हणून पाहत होते. अण्णांच्या प्रश्नानंतर लक्षात आलं की हा कागद चुकीचं काही सांगतोय, आणि तो संचालक मंडळापुढे व लेखापरीक्षकांपुढे जाणार आहे. त्या यादीचं काय काय बिघडलं, कुठे मी चुकीच्या दिशेने गेले आणि शेवटी काय टिकलं, ते सगळं इथे मांडते. वेब पानावरून पीडीएफ काढणाऱ्या कुणालाही यातलं काही ना काही भेटलेलं असेल.

संस्था सांगली जिल्ह्यातली, एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था. तिचा सॉफ्टवेअर मी पीएचपी या वेबसाठीच्या भाषेत लिहिलेला, पडद्यावरची मांडणी बूटस्ट्रॅप ३ या तयार मांडणी-संचाची. पीडीएफसाठी डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे साधन. पुढे त्याला नुसतं डब्ल्यूके म्हणते. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. ऑगस्टमध्ये जुना सर्व्हर बदलला. नव्या सर्व्हरच्या उबुंटू प्रणालीवर सगळं पुन्हा बसवलं, डब्ल्यूकेसुद्धा उबुंटूच्या नेहमीच्या पॅकेजमधून घेतलं. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर हा याद्या, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) आणि ताळेबंद छापण्याचाच हंगाम. नेमक्या त्याच वेळी पहिली यादी निघाली.

उघडा तक्ता

पहिल्या पीडीएफमध्ये तक्ता असा नव्हताच. रेघा नाहीत, रंग नाहीत, मथळे डावीकडे खेटून, रकमा नावांना चिकटलेल्या. सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम, लागू झालेलं नाही हे उघड होतं, तरी मी अर्धा दिवस सीएसएसच्या फायलीतच शोधत बसले, कारण ब्राउझरमध्ये तेच पान व्यवस्थित दिसत होतं.

खरं कारण डब्ल्यूकेच्या आवृत्तीत होतं. आमचा प्रोग्रॅम आधी एचटीएमएलची, म्हणजे वेब पानाच्या मूळ मजकुराची, तात्पुरती फाइल सर्व्हरवर लिहितो आणि ती डब्ल्यूकेला देतो. त्या फाइलमधून सीएसएसचा पत्ता सर्व्हरवरच्याच एका फोल्डरकडे जातो. जुन्या आवृत्तीला याचं काही वाटत नसे. ०.१२.६ पासून मात्र स्थानिक फाइल वाचण्याची परवानगी मुळात बंद असते. फाइल अडवली जाते, त्याची एक ओळ त्रुटींच्या नोंदीत पडते. आमच्या प्रोग्रॅमने ती नोंद कुठे साठवलेलीच नव्हती, म्हणून मला ती दिसली नाही.

इथे सगळीकडे एकच तोडगा सांगितला जातो: 'एनेबल-लोकल-फाइल-अ‍ॅक्सेस' हा पर्याय जोडा. तो चालतो. पण त्याने सर्व्हरवरची कुठलीही फाइल त्या पानाला उघडता येते. पानात जर बाहेरच्या माणसाने टाईप केलेला मजकूर येत असेल, एखादी टीप, एखादा पत्ता, आणि तो नीट गाळून घेतला नसेल, तर त्यातून सर्व्हरवरच्या नको त्या फाइली पीडीएफमध्ये उमटू शकतात. ज्या सर्व्हरवर लोकांच्या ठेवी-कर्जाच्या नोंदी आहेत तिथे हे मला पटलं नाही. 'अलाऊ' नावाचा दुसरा पर्याय आहे, त्यात एकाच फोल्डरला मुभा देता येते. मी तोच घेतला आणि सीएसएस, संस्थेचं बोधचिन्ह, फॉन्ट एवढंच त्या फोल्डरमध्ये ठेवलं.

आणि त्याच दिवशी डब्ल्यूके जे काही बोलतं ते सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवायला सुरुवात केली. पुढचं अर्धं निदान त्या फाइलनेच केलं.

मथळा फक्त पहिल्या पानावर

सीएसएस आलं. आता तक्ता तक्त्यासारखा दिसू लागला, पण दुसऱ्या पानापासून मथळ्याची ओळ गायब. 'मुद्दल', 'व्याज', 'थकीत हप्ते', 'एकूण येणे' हे रकाने ओळखायला पहिल्या पानाकडे परत जायचं. शिवाय पानाच्या सीमेवर येणारी ओळ आडवी चिरलेली: शिरोरेषा आणि अक्षरांचा वरचा भाग एका पानावर, बाकीचं अंग पुढच्या पानावर. एका खातेदाराची रक्कम अशी चिरली गेली होती की आकडा ३ आहे की ८, ते कुठल्याच पानावरून सांगता येत नव्हतं.

त्रुटींच्या त्या नव्या फाइलमध्ये एक सूचना दिसली: पानाच्या तळाशी पृष्ठांक टाकण्याचा पर्याय 'अनपॅच्ड क्यूटी' असल्यामुळे चालत नाही आणि दुर्लक्षित केला जाईल. इथे थोडं खोलात जावं लागतं. डब्ल्यूके स्वतः पान रंगवत नाही. ते काम क्यूटी या प्रोग्रॅम-संचातलं वेबकिट, म्हणजे ब्राउझरचं इंजिन, करतं. मूळ वेबकिटला पानांमध्ये तुकडे करताना मथळा पुन्हा छापणं, शीर्ष-तळटीप देणं जमत नव्हतं. म्हणून डब्ल्यूकेच्या लेखकांनी क्यूटीमध्येच स्वतःचे बदल केले, आणि त्या बदललेल्या क्यूटीसह बांधलेली पॅकेजं प्रकल्पाच्या वतीने मिळतात. उबुंटू, डेबियनसारख्या वितरणांमधलं पॅकेज मात्र त्यांच्या स्वतःच्या, न बदललेल्या क्यूटीवर बांधलेलं असतं. नाव तेच, आवृत्तीचा आकडा तोच, पण अंगात तक्त्याचा मथळा पुन्हा छापण्याची ताकद नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. आवृत्ती विचारली की बदललेल्या प्रतीत आकड्याच्या पुढे 'विथ पॅच्ड क्यूटी' असे शब्द येतात. आमच्याकडे नुसता आकडा येत होता. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी, बहुधा मीच, आठ वर्षांपूर्वी प्रकल्पाचं पॅकेज बसवलं होतं आणि त्याची टीप कुठेही लिहिली नव्हती. पॅकेज बदललं आणि पृष्ठांक लगेच आले. मथळा अजूनही आला नाही.

माझा चुकीचा वळसा

मला वाटलं, बूटस्ट्रॅपमध्ये छपाईचे वेगळे नियम आहेत आणि त्यात टीहेडसाठी, म्हणजे तक्त्याच्या माथ्याच्या भागासाठी, मथळ्याचा नियम आहेच. मग डब्ल्यूकेला छपाईच्या माध्यमात चालवावं. डब्ल्यूके एरवी पान पडद्याच्या माध्यमात वाचतं. 'प्रिंट-मीडिया-टाइप' हा पर्याय दिला की छपाईचे नियम लागू होतात. मी तो दिला.

दोन नवी दुखणी उभी राहिली. पहिलं: तीन वर्षांहून जुन्या थकबाकीच्या ओळींना आम्ही फिकट लाल रंग देतो, आणि एकआड एक ओळींना राखाडी छटा. दोन्ही गेले, सगळा तक्ता पांढराफट्ट. दुसरं: खाते क्रमांकाच्या रकान्यात प्रत्येक क्रमांकापुढे कंसात एक लांबलचक वेब पत्ता छापला जाऊ लागला. त्या पत्त्याने रकाना इतका फुगला की उजवीकडचा 'एकूण येणे' हा रकाना कागदाबाहेर गेला.

दोन्ही गोष्टी बूटस्ट्रॅप ३ मुद्दाम करतं. शाई वाचावी म्हणून त्याचे छपाईचे नियम सगळीकडची पार्श्वभूमी पारदर्शक करतात, तक्त्याच्या पेशींना, म्हणजे चौकोनांना, तर थेट पांढरा रंग देतात, तोही इतर नियमांवर मात करणारा 'इम्पॉर्टंट' हा शब्द लावून. आणि कागदावर दुव्याला टिचकी मारता येत नाही म्हणून प्रत्येक दुव्यापुढे त्याचा पत्ता छापतात. लेख छापायचा असेल तर हा विचार चांगला आहे. पण आमच्या यादीत प्रत्येक खाते क्रमांक हा खतावणीकडे नेणारा दुवा होता. साडेसहाशे ओळी, साडेसहाशे पत्ते.

एवढं झाल्यावर मी हात थांबवले. एका पर्यायाने एक बिघाड झाकायचा आणि दोन नवे उभे करायचे, असं चाललं होतं. मी सर्व्हरवरची ती तात्पुरती एचटीएमएल फाइल उचलली, ६० ओळींपुरती कापली आणि माझ्या संगणकावर डब्ल्यूके हाताने चालवायला घेतलं. प्रत्येक पेशीला लाल, तक्त्याच्या बाहेरच्या प्रत्येक वेष्टनाला निळी चौकट काढली. एका वेळी एकच नियम बदलायचा, पीडीएफ काढायचा, पाहायचा. एका तासात जितकं कळलं तितकं आधीच्या तीन दिवसांत कळलं नव्हतं.

निळ्या चौकटीनेच मथळ्याचा गुन्हेगार दाखवला. तक्त्याभोवती 'टेबल-रिस्पॉन्सिव्ह' नावाचं वेष्टन होतं. मोबाईलवर तक्ता आडवा सरकवता यावा म्हणून त्याला 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' असतं. डब्ल्यूकेमध्ये तक्त्याच्या वरच्या कुठल्याही वेष्टनाला ओव्हरफ्लोचा असा नियम असला की मथळा पानोपानी येणं बिघडतं. वेष्टनाला 'ओव्हरफ्लो: व्हिजिबल' केलं आणि मथळा दुसऱ्या पानावर आला.

आला, पण पहिल्या ओळीच्या अंगावर. 'खातेदाराचे नाव' हे शब्द आणि प्रत्यक्ष खातेदाराचं नाव एकमेकांवर छापलेलं. हा डब्ल्यूकेचा जुना, पुष्कळांना भेटलेला दोष आहे. ओळ सीमेवर चिरली जाते, तिचा उरलेला भाग पुढच्या पानाच्या माथ्यावर येतो, आणि तिथेच मथळाही येऊन बसतो. टीआरला, म्हणजे तक्त्याच्या ओळीला, 'पेज-ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड' दिलं, म्हणजे ओळ मधून तोडायची नाही, अख्खी पुढच्या पानावर न्यायची, तर मथळ्याला जागा मिळते. चिरलेल्या अक्षरांचं दुखणंही त्यानेच गेलं. साध्या क्यूटीच्या प्रतीवर हाच नियम मी आधी लिहून पाहिला होता आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. म्हणून सांगते, साधनाची प्रत कुठली आहे हे ठरल्याशिवाय सीएसएसचा कुठलाही नियम 'चालत नाही' म्हणून टाकून देऊ नये.

आणखी एक निर्णय त्या संध्याकाळी घेतला. छपाईच्या पानातून बूटस्ट्रॅप पूर्ण काढून टाकलं. त्याचे नियम एकेक करून उलटवत बसण्यापेक्षा ५०-६० ओळींची स्वतःची सीएसएस लिहिणं मला जास्त प्रामाणिक वाटलं. मोजमापं मिलिमीटर आणि पॉइंटमध्ये, कारण कागद मिलिमीटरमध्ये असतो. रकमेच्या रकान्यांना उजवी बाजू आणि ओळ न तोडण्याचा नियम, म्हणजे '१२,३४,५६७' मधला '५६७' खालच्या ओळीत पडणार नाही. रकान्यांच्या रुंदी आखून दिलेल्या आणि तक्त्याला 'टेबल-लेआउट: फिक्स्ड'. तरीही १० पॉइंटची अक्षरं मोजल्यावर लहान भरली, कारण डब्ल्यूके स्वतःच्या मनाने पान आक्रसतं. ती 'स्मार्ट श्रिंकिंग' बंद केल्यावर मोजमाप जुळलं.

तळाची बेरीज

अशी दुरुस्त यादी घेऊन मी संस्थेत गेले आणि अण्णांनी तो प्रश्न विचारला.

एचटीएमएलच्या तक्त्याला तीन अंगं असतात: टीहेड (मथळा), टीबॉडी (मधल्या ओळी), टीफूट (तळाचा भाग). पडद्यावर टीफूट म्हणजे तक्त्याचा शेवट, तिथे एकूण बेरीज टाकणं अगदी स्वाभाविक. पण पानांमध्ये तक्ता तुटतो तेव्हा टीहेड जसं प्रत्येक पानाच्या माथ्यावर येतं तसंच टीफूट प्रत्येक पानाच्या तळाशी येतं. हा दोष नाही, टीफूटचा अर्थच तो आहे: पानाच्या तळाशी पुन्हा पुन्हा छापायचा भाग. सर्व्हर नवा झाल्यापासून मी ज्या गोष्टीसाठी झटत होते, मथळा पानोपानी यावा म्हणून, तीच ताकद मिळाल्यावर बेरीजही पानोपानी येऊ लागली. ते मला दिसलं कसं नाही? मी पानं चाळत होते ती मथळा आणि रेघा पाहत. आकडा बरोबर होता, जागा चुकीची होती, आणि माझी नजर जागेवर नव्हतीच.

बाकी सगळ्या चुका वाचणाऱ्याला त्रास देतात: रंग गेला, रेघ पुसट झाली, मथळा शोधावा लागला. ही चूक वाचणाऱ्याला फसवते. लेखापरीक्षकांनी एखादं पान वेगळं काढून फाइलला लावलं असतं, तर त्या वीस-पंचवीस खातेदारांच्या नावावर संपूर्ण संस्थेची थकबाकी दिसली असती.

लगेचचा उपाय एका ओळीचा: टीफूटला 'डिस्प्ले: टेबल-रो-ग्रुप'. मग ते साध्या ओळींसारखं वागतं आणि तक्त्याच्या शेवटी एकदाच येतं. मी तो तिथेच बसून लावला, यादी पुन्हा काढली, २७ व्या पानावर एकच बेरीज. अण्णांनी मान हलवली, पण समाधान झालेलं नव्हतं.

"आता पानाची बेरीज कुठंच नाही," ते म्हणाले. "एक पान तपासायचं तर कशाशी ताडायचं?"

त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. सभेची तारीख जवळ होती, यादी आहे त्या रूपात गेली.

तुटकी शिरोरेषा

फॉन्टचं दुखणं थोडक्यात सांगते, कारण ते लवकर सुटलं. नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. नावांच्या जागी रिकामे चौकोन आले. लोहित देवनागरी बसवल्यावर अक्षरं आली, पण जुन्या फॉन्टपेक्षा त्याची रुंदी वेगळी, म्हणून रकाने सरकले. ब्राउझरवर दिसणारा आणि सर्व्हरवर असणारा फॉन्ट एकच ठेवला, नोटो सॅन्स देवनागरी, तेव्हा दोन्हीकडची रुंदी जुळली. सर्व्हरवर मराठीसाठी कोणते फॉन्ट आहेत ते 'एफसी-लिस्ट' या आज्ञेला 'एमआर' ही भाषा देऊन एका ओळीत विचारता येतं. कुठल्याही नव्या सर्व्हरवर हे मी आता सर्वात आधी पाहते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मथळ्यातली शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली होती, 'मुद्दल' म्हणजे वेगवेगळी टांगलेली अक्षरं. कारण होतं लेटर-स्पेसिंग. रोमन लिपीतल्या मथळ्यांत अक्षरांमध्ये थोडी हवा सोडण्याची पद्धत आहे, आणि तयार डिझाइनमधून ती ओळ आमच्या सीएसएसमध्ये आली होती. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने जोडलेली असतात. त्यांच्यात अंतर घातलं की रेघच फाटते. पडद्यावर ही फट बारीक असल्याने कुणाच्या लक्षात आली नव्हती, छापल्यावर ठसठशीत दिसली. देवनागरी मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्य. यात मला तरी कुठला अपवाद माहीत नाही.

सभेनंतर: क्रोमकडे

सभा पार पडली. आता घाई नव्हती, तेव्हा डब्ल्यूके सोडायचं ठरवलं. ०.१२.६ ही आवृत्ती जून २०२० ची. गिटहब या संकेतस्थळावरचं त्याच्या मूळ प्रोग्रॅमचं भांडार जानेवारी २०२३ मध्ये संग्रहित म्हणून बंद झालं. तिथे आता काही दुरुस्त होणार नाही. आतलं वेबकिट इतकं जुनं की ग्रिडची मांडणी, सीएसएसमधली चलं किंवा जावास्क्रिप्टची गेल्या दशकातली रूपं त्याला उमगत नाहीत, आणि न उमगलेलं ते मुकाट्याने गाळतं. पपेटियर या साधनामार्फत क्रोमला डोकं नसलेल्या, म्हणजे खिडकीशिवायच्या रूपात चालवून पीडीएफ काढायचा, असं ठरलं. या वेळी आधी आमची बूटस्ट्रॅपवाली जुनी पानं तशीच देऊन पाहिली, कारण संस्थेचे इतर पंधरा-वीस अहवाल अजून त्याच मांडणीत होते.

रंग पुन्हा गेले. क्रोम पीडीएफ काढताना पार्श्वभूमी मुळात छापत नाही. 'प्रिंट-बॅकग्राउंड' सुरू करावं लागतं, आणि बूटस्ट्रॅपचा तो पांढरा नियम वेगळा उलटवावा लागतो. दोन ठिकाणी दोन वेगळी कुलपं. एक उघडून फरक पडला नाही म्हणून माणूस ते पुन्हा लावतो आणि मग दुसरं उघडतो, अशात दिवस जातो. दोन्ही एकदम उघडून पाहावीत.

मथळ्याने इथे नवं कोडं घातलं. थकबाकी यादीत मथळा पानोपानी येत होता, 'सभासद व भागभांडवल' यादीत येत नव्हता. सीएसएस एकच, क्रोम एकच. फरक असा की दुसऱ्या यादीत संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, बोधचिन्ह हे सगळं मी टीहेडमध्येच घातलं होतं, म्हणजे प्रत्येक पानावर आपोआप येईल. क्रोममध्ये मथळा पुन्हा छापण्याला उंचीची अट आहे: तो पानाच्या उंचीच्या पाव भागापेक्षा मोठा असेल तर पुन्हा छापत नाहीत. तक्त्यांसाठीच्या सीएसएसच्या अधिकृत नियमांच्या मसुद्यातही हीच पाव भागाची रेषा आहे. आडवा ए४ म्हणजे उंची २१० मिलिमीटर. समास वजा जाता उरलेल्या १९० चा पाव भाग ४७ मिलिमीटरच्या आसपास. आमचा मथळा ६० च्या पुढे गेला होता.

इतका उंच का झाला, तर बोधचिन्ह, नाव आणि तारीख जे पडद्यावर शेजारी शेजारी होतं ते कागदावर एकाखाली एक आलं होतं. याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. क्रोम कागदाची रुंदी इंचाला ९६ पिक्सेल धरून मोजतं. उभ्या ए४ ची २१० मिलिमीटर रुंदी म्हणजे ७९४ पिक्सेल. दोन्हीकडे १० मिलिमीटर समास सोडले की उरतात ७१८. बूटस्ट्रॅप ३ मध्ये टॅबलेटची हद्द ७६८ पासून, मोठ्या पडद्याची ९९२ पासून. म्हणजे उभा ए४ कागद बूटस्ट्रॅपच्या दृष्टीने मोबाईल आहे. कागद आडवा केला तरी २७७ मिलिमीटर म्हणजे १०४७ पिक्सेल, ९९२ च्या थोडे वर. आमच्या पानाला समास जास्त होते आणि मांडणी १२०० च्या हद्दीवर बेतलेली, म्हणून आडवं करूनही सुटका झाली नाही. संस्थेचं नाव एका ओळीत आणि पत्ता-क्रमांक दुसऱ्या ओळीत घेतल्यावर मथळा ३० मिलिमीटरच्या आत आला, आणि काहीही न सांगता पानोपानी छापला जाऊ लागला.

एका खातेदाराची दोन-तीन कर्जं असली की आम्ही नावाची पेशी रोस्पॅनने, म्हणजे अनेक ओळींवर पसरवून, एकत्र करतो. पानाची सीमा नेमकी अशा गटात आली की नाव एका पानावर आणि दुसरं कर्ज पुढच्या पानावर निनावी. एका तक्त्यात कितीही टीबॉडी चालतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रत्येक खातेदाराला त्याची टीबॉडी दिली आणि टीबॉडीला 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड'. गट आता एकसंध राहतात.

हे सगळं तपासायला दर वेळी पीडीएफ काढायची गरज पडत नाही. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत 'रेंडरिंग' नावाच्या टॅबमध्ये पान छपाईच्या माध्यमात दाखवायची सोय आहे. बूटस्ट्रॅपने पांढऱ्या केलेल्या पेशी, कंसातले पत्ते तिथे जागेवर दिसतात. पानं कुठे तुटतात ते मात्र छपाईच्या पूर्वदृश्यातच कळतं.

मागील पानावरून

राहिली अण्णांची पानाची बेरीज. क्रोमच्या सीएसएसमध्ये 'या पानावर जेवढ्या ओळी आल्या त्यांची बेरीज' असं काही सांगता येत नाही. ओळी कुठे तुटणार हे ब्राउझर शेवटी ठरवतो, आणि बेरीज तर त्याआधी सर्व्हरवर झालेली असते. मी आठवडाभर यावर युक्त्या शोधत होते. मग उलटा विचार केला: पान कुठे तुटणार हे ब्राउझरवर सोडायचंच कशाला? वहीत ते लिहिणारा ठरवतो.

सर्व्हरच आता यादीचे २०-२० ओळींचे भाग करतो. प्रत्येक भागाचा वेगळा तक्ता, त्याचा स्वतःचा मथळा, माथ्यावर 'मागील पानावरून', तळाशी 'या पानाची बेरीज' आणि 'पुढील पानावर'. प्रत्येक तक्त्यानंतर सक्तीने नवं पान. एखाद्या खातेदाराचा गट २० च्या सीमेवर आला तर तो अख्खा पुढच्या भागात जातो. शेवटच्या पानावर एकूण बेरीज, एकदाच. ओळीची उंची साडेसहा मिलिमीटर ठरवलेली, वीस ओळींचे १३० होतात. मथळा आणि बेरजांच्या ओळी धरून आडव्या ए४ वर बसतात.

यात एकच धोका होता, लांब नाव दोन ओळींत गेलं तर उंचीचा हिशेब चुकणार. अक्षरं मोजून रुंदीचा अंदाज घ्यावा म्हटलं तर देवनागरीत ते फसतं: 'लक्ष्मण' हे नाव डोळ्याला तीन अक्षरांचं, युनिकोड या संगणकाच्या अक्षर-संकेताच्या हिशेबात सात खुणांचं. शेवटी मोजण्याचा नाद सोडला, पत्त्याचा रकाना यादीतून काढला आणि नावाला ८० मिलिमीटर दिले. संस्थेतलं सगळ्यात लांब नाव त्यात एका ओळीत मावतं.

यादी २७ ची ३३ पानांची झाली. कागद वाढला याबद्दल मॅनेजर साहेब थोडे कुरकुरले. मी छापील गठ्ठा अण्णांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कॅलक्युलेटर काढला, मधूनच बारावं पान उचललं, वीस रकमा बोटाने खाली सरकत मिळवल्या, 'या पानाची बेरीज' समोर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. मग तेराव्या पानाचा माथा पाहिला, 'मागील पानावरून' ची रक्कम बाराव्याच्या तळाशी ताडली आणि तिथेही खूण केली.

"आता शेवटचं पान द्या," ते म्हणाले.